मावळतीचा फोटो, सूर्याला आड ठेवून

मावळतीचे फोटो नव्याने काढू लागलेल्या जवळपास प्रत्येकाची तक्रार एकच असते. डोळ्यांना सूर्य ताटाएवढा, तांबडालाल दिसत होता. मोबाइलमध्ये मात्र फिकट आभाळात एक पांढरा ठिपका उमटला. मग दुसऱ्या दिवशी झूम वाढवला जातो, जरा लवकर जाऊन सूर्याकडे जास्त वेळ रोखून पाहिले जाते, कुणाकडून मोठ्या लेन्सचा कॅमेरा मागून आणला जातो. फोटो फारसा सुधारत नाही, डोळ्यांचा धोका मात्र वाढतो.

धाराशिव जिल्ह्यात या छंदाला लागणारे सगळे काही आहे. बालाघाटचे माथे आणि उतार आहेत, परंड्याकडची सपाट शिवारे आहेत, नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीवरचा पाणीमहाल आहे, येडशीजवळचे रामलिंगचे जंगल आणि तेरच्या बाजूचे तेरणेचे पाणी आहे. महागडा कॅमेरा नसला तरी अडत नाही. हवी आहे ती सूर्यप्रकाश, हवा आणि डोळा या तिघांची थोडी ओळख. ती झाली की एक गोष्ट पटते : मावळतीचा चांगला फोटो बहुतेक वेळा सूर्याच्या बिंबाचा नसतो, त्या उजेडाने रंगवलेल्या जगाचा असतो. कॅमेरा तिकडे वळवला की फोटोही चांगला येतो आणि डोळेही राखले जातात.

ठिपका का येतो?

सूर्य आकाशात कुठेही असो, तो आपल्या डोळ्याशी साधारण अर्ध्या अंशाचा कोन करतो. हात लांब करून करंगळी धरली तर तिच्या नखामागे तो सहज लपेल. क्षितिजावर तो मोठा वाटतो, कारण तिथे झाडे, घरे आणि डोंगर शेजारी असतात व मेंदू त्यांच्या संगतीने त्याचा आकार ठरवतो. कॅमेऱ्याला असा भास होत नाही. मोबाइलची नेहमीची लेन्स आडवी सुमारे 70 अंशांची जागा टिपते. त्यात अर्धा अंश म्हणजे फोटोच्या रुंदीचा दीडशेवा भाग किंवा त्याच्या थोडे वर. चार हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत सूर्याच्या वाट्याला तीस पिक्सेलही येत नाहीत.

मग माणसामागे ताटाएवढा सूर्य असलेले फोटो कसे काढतात? तिथे माणूस कॅमेऱ्यापासून खूप दूर उभा असतो. पावणेसहा फूट उंचीचा माणूस सूर्याच्या बिंबाएवढा दिसायचा, तर तो सुमारे 180 मीटरवर उभा हवा आणि त्याला जवळ ओढणारी मोठी टेलिफोटो लेन्स हवी. हे काम पुढच्या इयत्तेचे आहे. नवशिक्याने मोबाइलच्या झूमवर ते करू पाहिले तर हाती फक्त फुटलेले, दाणेदार चित्र येते. डिजिटल झूम नवीन काही टिपत नाही, आहे तेच ताणून मोठे करतो.

डोळ्याच्या आत काय घडते?

लहानपणी भिंगाने कागद जाळण्याचा खेळ अनेकांनी केला असेल. आपल्या डोळ्यातही एक भिंग आहे. आपण सूर्याकडे रोखून पाहतो तेव्हा त्याची प्रतिमा डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, नेमकी मधल्या पीतबिंदूवर पडते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही कामे याच छोट्या भागावर चालतात. सूर्यप्रकाशाने होणारी इजा बहुतांशी रासायनिक असते. निळा आणि अतिनील प्रकाश पडद्यातील पेशींमध्ये अशा क्रिया घडवतो की त्यांची हानी होते. डॉक्टर त्याला सोलर रेटिनोपॅथी म्हणतात.

या इजेची वाईट बाब ही, की ती दुखत नाही. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. नजर धूसर होणे, मधोमध काळा किंवा पिवळट डाग दिसणे, सरळ रेषा वाकडी भासणे ही लक्षणे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी जाणवतात. अनेकांची दृष्टी पुढच्या काही महिन्यांत बरीच सुधारते. काहींच्या नजरेत मात्र छोटासा डाग कायमचा राहतो. ही इजा भरून काढील असे खात्रीचे औषध आज नाही. 11 ऑगस्ट 1999 च्या सूर्यग्रहणानंतर इंग्लंडमधील लेस्टरच्या रुग्णालयात 45 जण डोळ्यांच्या तक्रारी घेऊन आले होते. त्याच ग्रहणाची सावली त्या संध्याकाळी भारतावरूनही गेली होती.

आता प्रश्न येतो तो मावळत्या सूर्याचा. क्षितिजाला टेकलेला, लाल झालेला सूर्य दुपारच्या सूर्यापेक्षा कितीतरी सौम्य असतो, कारण हवेने त्यातला बराचसा निळा भाग आधीच बाजूला फेकलेला असतो. अशा बिंबावर सहज नजर गेली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण फोटो काढणारे अर्धा-पाऊण तास आधीच जागा धरून बसतात. त्या वेळी सूर्य क्षितिजापासून सात ते दहा अंश वर असतो आणि अजून पुरेसा प्रखर असतो. त्याच्याकडे पाहून डोळे किलकिले होत असतील, पाणी येत असेल, नजर हटवल्यावर डोळ्यांपुढे हिरवा-जांभळा गोळा तरंगत असेल, तर शरीर सांगते आहे की हे पाहणे थांबवा. मावळतीच्या सूर्यावर नजर स्थिर ठेवून बसण्याचा व्यायाम म्हणून काहीजण सल्ला देतात. दृष्टी सुधारण्याचा तो मार्ग नाही.

लहान मुलांच्या डोळ्यातील भिंग अधिक पारदर्शक असते, त्यामुळे पडद्यावर जास्त प्रकाश पोहोचतो. मुलांना सोबत नेले तर त्यांना हे आधीच समजावून सांगावे. तपासणीसाठी डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातले असतील, त्या दिवशी या छंदाला सुट्टी द्यावी.

उपकरणानुसार धोका बदलतो. मोबाइलच्या पडद्यावर आपण सूर्य पाहत नाही, त्याचे चित्र पाहतो; ते सुरक्षित आहे. फक्त पडद्याच्या वरून सारखे डोकावू नये. मिररलेस कॅमेऱ्याच्या खिडकीतही छोटा पडदाच असतो. जुन्या पद्धतीच्या डीएसएलआर कॅमेऱ्याच्या खिडकीत मात्र काच आणि आरसा असतो, आणि टेलिफोटो लेन्सने गोळा केलेला सूर्यप्रकाश थेट डोळ्यात येतो. अशा खिडकीतून सूर्य कधीही पाहू नये. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर चित्र पाहण्याची सोय वापरावी. गॉगल, एकावर एक चढवलेले दोन गॉगल, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच यांपैकी काहीही संरक्षण देत नाही. हे सगळे उजेड कमी करतात, त्यामुळे बाहुली मोठी होते आणि घातक किरणांना वाट मोकळी मिळते. 2 ऑगस्ट 2027 रोजी दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. त्या वेळी सूर्य बराच वर असेल, म्हणून मावळतीची कोणतीही सवलत त्याला लावू नये. ग्रहणासाठी बनवलेला प्रमाणित चष्माच वापरावा.

लाल रंग कुठून येतो?

हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू प्रकाशाला सर्व दिशांना उधळतात. हे विखुरणे तरंगलांबीवर अवलंबून असते, हे लॉर्ड रॅले यांनी 1871 मध्ये गणिताने दाखवले. निळा प्रकाश तांबड्यापेक्षा सुमारे सहापट जास्त विखुरतो. दुपारी सूर्य डोक्यावर असताना प्रकाशाला हवेचा थर कमी ओलांडावा लागतो. क्षितिजावरच्या सूर्याच्या किरणांना त्याच्या सुमारे 38 पट हवा ओलांडावी लागते. एवढ्या वाटचालीत निळा प्रकाश वाटेतच गळून जातो आणि आपल्यापर्यंत पिवळा, नारिंगी, तांबडा उरतो.

धूळ आणि धूर जास्त असेल तितके रंग छान, असा एक समज आहे. तो अर्धवट खरा आहे. ज्वालामुखीच्या उद्रेकातील अतिसूक्ष्म कण वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचतात तेव्हा जगभर विलक्षण संध्याकाळी दिसतात. ऑगस्ट 1883 मधील क्राकाटोआच्या उद्रेकानंतर तसे झाले. सप्टेंबर महिन्यात दक्षिण भारतातून हिरवट सूर्य दिसल्याच्या नोंदीही आहेत. पण जमिनीलगतची धूळ आणि धूर यांतले कण मोठे असतात. ते सगळेच रंग सारखे विखुरतात आणि आभाळ राखाडी, मळकट करून टाकतात.

आपल्या जिल्ह्यात हे ऋतूंप्रमाणे स्पष्ट दिसते. पावसाने हवा धुतल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरभर, रंग सर्वांत स्वच्छ असतात आणि आभाळात ढगही शिल्लक असतात. डिसेंबर-जानेवारीत जमिनीलगतची थंड हवा धूर आणि धूळ दाबून ठेवते. उसाचे पाचट पेटवलेले असेल तर सूर्य क्षितिजाला पोहोचण्याआधीच राखेत बुडाल्यासारखा दिसेनासा होतो. मार्च-एप्रिलमध्ये फुफाटा असतो, तर मे महिन्यात वळवाचे उंच ढग येतात.

पावसाळ्यात आपण पर्जन्यछायेत आहोत याचाही एक फायदा आहे. कोकणासारखे आभाळ दिवसचे दिवस गच्च भरलेले राहत नाही. ढगांमध्ये फटी असतात. याच भागातील ढग समजून घेण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात शेजारच्या सोलापूर परिसरात विमाने पाठवून ढग आणि हवेतील सूक्ष्मकण मोजले होते. पाऊस पाडणे हा त्या प्रयोगाचा विषय होता. आपल्यापुरता धडा एवढाच, की संध्याकाळच्या रंगाचा कारागीर सूर्य असला तरी त्याचा पडदा म्हणजे ढग आणि हवेतील कण.

सूर्य आड करा

मराठीत या वेळेला एक नेमका शब्द आहे : गोरज. चरून परतणाऱ्या गुरांच्या खुरांनी उडालेली धूळ. या धुळीचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असतात आणि असे कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने फेकतात. म्हणून धूळ आपल्या आणि सूर्याच्या मध्ये असेल तेव्हा ती सोन्यासारखी पेटलेली दिसते, आणि सूर्य आपल्या पाठीशी असेल तेव्हा नुसती मातकट. उस्मानाबादी शेळ्यांचा काळा कळप पांदीने घरी परतत असताना हा खेळ फार छान टिपता येतो. पाठीवरचे केस आणि कान यांच्या कडांना उजेडाची रेघ उमटते.

असा फोटो घेताना सूर्याचे बिंब चौकटीत लागतच नाही. ते कडुनिंबाच्या खोडाआड, देवळाच्या शिखराआड, बुरुजाआड किंवा माणसाच्या डोक्यामागे लपवावे. याचे तीन फायदे आहेत. डोळ्यावर थेट प्रकाश येत नाही. लेन्समध्ये येणारे पांढरे डाग आणि फिकटपणा टळतो. आणि कॅमेऱ्यावरचा ताणही कमी होतो, कारण सूर्य आणि जमीन यांच्या उजेडातला फरक कोणताही कॅमेरा एका फोटोत पेलू शकत नाही.

पाणी असेल तर सूर्याकडे न पाहताही पुरे आभाळ मिळते. तेरणेचा किंवा बोरीचा संथ डोह, पाझर तलाव, पावसाळ्यात शेताच्या बांधाशी साचलेले डबके यांपैकी काहीही चालते. मोबाइल पाण्याच्या जितका जवळ धराल तितके प्रतिबिंब मोठे दिसते. पाण्यात पडलेले सूर्याचे बिंबही मात्र रोखून पाहू नये.

मोबाइलमध्ये काय बदलायचे?

आधी लेन्स मऊ सुती कापडाने पुसा. बोटांचा तेलकट डाग असेल तर उजेडाच्या बाजूने काढलेला प्रत्येक फोटो धुरकट येतो.

दुसरे, उजेड कमी करा. स्वयंचलित कॅमेरा प्रत्येक दृश्य मध्यम उजेडाचे करू पाहतो, म्हणून संध्याकाळचे आभाळ तो उगाच उजळून पांढरट करतो. सूर्यापासून थोड्या दूरच्या रंगीत आभाळावर बोट ठेवून दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथे कायम होतात. मग शेजारी दिसणारी सूर्याची खूण खाली ओढा. आभाळ गडद होते, रंग परत येतात आणि झाड-माणसे काळ्या आकृत्या होतात. म्हणूनच आकृती ओळखू येईल असा विषय निवडावा : पवनचक्की, बाभळीचे झाड, डोक्यावर पेंढी घेतलेली बाई, सायकलवरचा मुलगा. दोन आकृत्या एकमेकींत मिसळल्या तर काळा गोळा दिसतो, तेवढे अंतर राखावे.

तिसरे, रंग सांभाळा. कॅमेऱ्याची आपोआप रंग जुळवण्याची सोय जास्तीचा तांबडा रंग ही चूक समजते आणि त्यात निळा मिसळते. सेटिंगमध्ये व्हाइट बॅलन्स असेल तर तो ‘डेलाइट’ किंवा ‘क्लाउडी’वर ठेवा. फ्लॅश बंद ठेवा. तो आभाळापर्यंत पोहोचत नाही.

स्वतंत्र कॅमेरा असेल तर आयएसओ 100, छिद्र एफ-8 आणि शटर एका सेकंदाच्या 250 व्या भागापासून सुरुवात करून गरजेप्रमाणे बदलत जावे. टेलिफोटो लेन्स लावलेला कॅमेरा तिवईवर सूर्याकडे तोंड करून ठेवून देऊ नये. भिंगाचा तोच खेळ त्याच्या सेन्सरशीही होतो.

घड्याळ आणि दिशा

भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आहे आणि धाराशिव 76 अंशांच्या जवळ. त्यामुळे आपल्याकडचा सूर्य घड्याळाच्या सुमारे 26 मिनिटे मागे चालतो. जिल्ह्याच्या आतही फरक आहे. परंड्याचा सूर्य उमरग्यापेक्षा चार-पाच मिनिटे उशिरा मावळतो. दिनदर्शिकेत मुंबईची सूर्यास्ताची वेळ छापली असेल तर धाराशिवसाठी त्यातून 12-13 मिनिटे वजा करावीत.

वर्षातला सर्वांत लवकरचा सूर्यास्त 22 डिसेंबरला होतो असे अनेकांना वाटते. दिवस सर्वांत लहान तेव्हा असतो हे खरे. पण आपल्याकडे सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास, पावणेसहाच्या थोडे नंतर. सर्वांत उशिरा मावळतो तो जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, सात वाजून पाच-सहा मिनिटांनी.

जागाही बदलते. जूनमध्ये सूर्य नेमक्या पश्चिमेपासून सुमारे 25 अंश उत्तरेला मावळतो, डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश. म्हणजे सहा महिन्यांत मावळतीची जागा पाच मुठी सरकते. डिसेंबरात ज्या देवळाच्या शिखरामागे सूर्य गेला, त्याच्या मागे तो जूनमध्ये जाणार नाही. मूठ आणखी एका कामाला येते. क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये एक मूठ मावत असेल, तर सूर्यास्ताला अंदाजे 40 मिनिटे उरली आहेत. हे करताना सूर्यावर तळहात धरून तो झाकावा आणि त्याखालची जागा मोजावी. पश्चिमेला डोंगर असेल तर वेळ त्या मानाने कमी.

बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकल्यापासून वरची कड बुडेपर्यंत आपल्या अक्षांशावर जेमतेम सव्वादोन ते अडीच मिनिटे लागतात. लंडनसारख्या ठिकाणी याला साडेतीन मिनिटे किंवा त्याहून जास्त लागतात, कारण तिथे सूर्य तिरका उतरतो. सेटिंग शोधत बसायला आपल्याकडे वेळ नाही. ते आधीच करून ठेवावे लागते. आणखी एक गंमत : हवेमुळे प्रकाश वाकतो, त्यामुळे बिंब क्षितिजाला टेकलेले दिसते तेव्हा खरा सूर्य पूर्णपणे क्षितिजाखाली गेलेला असतो. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून ते थोडे चपटेही दिसते.

बिंब बुडाल्यावर घाई करू नका

सूर्य गेला की लोक गाड्या सुरू करतात. रंगांचा उत्तम भाग पुष्कळदा यानंतरच येतो आणि त्या वेळी डोळ्यांना कसलाही धोका नसतो. पिंजलेल्या कापसासारखे ढग आठ-दहा किलोमीटर उंचीवर असतात. एवढ्या उंचीवरून क्षितिजापलीकडचा सूर्य अजून ‘दिसत’ असतो, म्हणून जमिनीवर सूर्यास्त झाल्यानंतरही दहा-बारा मिनिटे ते खालून उजळत राहतात. आधी सोनेरी, मग गुलाबी, मग विटकरी.

याच वेळी पाठ फिरवून पूर्वेकडे पाहा. क्षितिजालगत एक निळसर राखाडी पट्टा हळूहळू वर चढताना दिसेल आणि त्यावर फिकट गुलाबी झालर. तो राखाडी पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची सावली. यासाठी मोकळे क्षितिज लागते आणि ते आपल्या पठारावर भरपूर आहे. पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ संध्याकाळी ही सावली मोबाइललाही सहज टिपता येते.

त्यानंतर आभाळ गडद निळे होते. या निळाईत ओझोनच्या थराचा मोठा वाटा असतो, तो पिवळा-तांबडा प्रकाश शोषून घेतो. दिवेलागणीची ही वेळ गावाच्या फोटोसाठी सर्वांत चांगली, कारण घरातले दिवे आणि आभाळ यांचा उजेड काही मिनिटे जवळपास सारखा असतो. मोबाइल भिंतीवर किंवा दगडावर टेकवा, तीन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे हात हलणार नाही. सूर्यास्तानंतर 22 ते 25 मिनिटांत हा संधिप्रकाश ओसरतो.

परतताना

अंधार पडता पडता साप बाहेर पडतात. घोणस, फुरसे, मण्यार आणि नाग हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. बांधावरून, गवतातून, किल्ल्याच्या पडक्या दगडांतून चालताना पूर्ण बूट आणि हातात बॅटरी हवी. मोबाइलची चार्जिंग फोटोत संपवू नये. साप चावलाच तर चिरा देऊ नये, घट्ट बांधू नये. तो अवयव न हलवता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात पोहोचावे.

मे-जूनचे वळवाचे ढग फोटोसाठी मोहात पाडतात आणि मराठवाड्यात दरवर्षी विजेने माणसे दगावतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांपेक्षा कमी वेळ जात असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. माथा, बुरूज, एकटे झाड आणि पाणी सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. पुण्याच्या त्याच संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देते. कॅमेऱ्याच्या ॲपशेजारी तेही असू द्यावे. किल्ल्यावर जाणार असाल तर दरवाजा किती वाजता बंद होतो ते आधी विचारावे, आणि कठड्यावर उभे राहून मागे सरकत फोटो काढू नये.

महिनाभराचा अभ्यास

सुरुवात लांब कुठे जाऊन करण्याची गरज नाही. घराची गच्ची किंवा शेताची एक कड ठरवा. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे जा आणि प्रत्येक वेळी चारच फोटो घ्या : सूर्य कशाच्या तरी आड असताना एक, त्याच्या उजेडात न्हालेल्या एखाद्या वस्तूचा किंवा चेहऱ्याचा एक, बिंब बुडाल्यावर दहा मिनिटांनी ढगांचा एक आणि पूर्वेकडच्या सावलीचा एक. सोबत वहीत तारीख, वेळ, ढगांचा प्रकार आणि हवा स्वच्छ होती की धुळीची, एवढे लिहा. महिन्याअखेरीस फोटो आणि नोंदी शेजारी ठेवल्या की कोणत्या हवेत कोणता रंग येतो हे कुणी शिकवावे लागत नाही. वर्षभर दर महिन्याच्या 21 तारखेला त्याच जागेवरून एक फोटो घेतला, तर सूर्याच्या पाच मुठींचा प्रवासही हाती लागेल. शाळेतल्या मुलांसाठी हा चांगला प्रकल्प आहे.

मुलांना नेण्याचे आणखी एक कारण आहे. चीनमधील ग्वांगझू शहरातल्या शाळांमध्ये मुलांना रोज 40 मिनिटे जादा मैदानावर सोडले, तेव्हा तीन वर्षांत दूरचे कमी दिसण्याचा दोष त्यांपैकी 30.4 टक्के मुलांत आला, तर नेहमीच्या वेळापत्रकातील 39.5 टक्के मुलांत. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिवसाच्या उजेडाची गोष्ट होती. म्हणून मुलांना घेऊन तासभर लवकर निघावे, त्यांना खेळू द्यावे आणि मग फोटोला बसावे.

वहीच्या शेवटच्या पानाचा उपयोग डोळ्यांसाठी करा. गणिताच्या वहीतील चौकटींचा कागद घ्या, मध्ये ठळक टिंब काढा, वाचनाचा चष्मा असेल तर लावा आणि एक डोळा झाकून दुसऱ्याने त्या टिंबाकडे पाहा; मग डोळा बदला. चौकटींच्या रेषा कुठे वाकड्या, तुटक किंवा पुसट दिसत असतील, मध्ये डाग जाणवत असेल, तर ‘होईल बरे’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि सूर्याकडे पाहिले होते हे त्यांना न विसरता सांगा. ओसीटी नावाच्या तपासणीत पडद्याचे थर वेगवेगळे दिसतात आणि इजा कुठे, किती आहे हे कळते.